फटफटीचा जीर्णोद्धार : 'मूळ' गाडी म्हणजे नेमकी कोणती?

सोलापूर रस्त्याने हडपसर मागे टाकले की डाव्या हाताला मांजरीचा फाटा लागतो. मांजरी बुद्रुक २०२१ च्या जूनअखेरीस पुणे महापालिकेत आले आणि गावाभोवती गृहसंकुलांचे मनोरे उभे राहिले. तरी जुन्या वस्तीत गोठ्याच्या किंवा पडवीच्या कोपऱ्यात, कडबा कापण्याच्या यंत्रामागे, गोणपाटाखाली झाकलेली एखादी राजदूत, येझ्दी किंवा बुलेट अजून असते. आजोबांची गाडी. घरातला नातू कमावता होतो, पहिल्या काही पगारांतून थोडे पैसे बाजूला काढतो आणि एका रविवारी ते गोणपाट दूर करतो. त्या क्षणी त्याच्यासमोर उभा राहणारा प्रश्न वरवर यांत्रिक वाटला तरी मुळात इतिहासाचा आहे : ही गाडी 'मूळ' रूपात आणायची, म्हणजे कोणत्या रूपात?

या प्रश्नाला अलीकडे कायद्याची धारही आली आहे. उत्तर शोधण्यासाठी मात्र दुसऱ्या महायुद्धापर्यंत मागे जावे लागते. #थ्रेड

फटफटी हा शब्द आवाजातून आला. एका मोठ्या सिलिंडरचे फोर-स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत एकदाच पेट घेते. त्यामुळे मंद गतीत प्रत्येक ठोका सुटा ऐकू येतो. हा आवाज सर्वसामान्य भारतीयांच्या कानी मोठ्या प्रमाणावर पडला तो लष्कराच्या मोटारसायकलींमुळे. ब्रिटिश सैन्यासाठी बीएसए कंपनीने एम-२० या प्रकारच्या सुमारे सव्वा लाख गाड्या बनवल्या. नॉर्टन १६-एच आणि मॅचलेस जी-३ याही मोठ्या संख्येने तयार झाल्या. निरोप पोचवणे आणि ताफ्याला वाट दाखवणे ही त्यांची मुख्य कामे. युद्ध संपले आणि या गाड्यांचे करायचे काय, हा प्रश्न सरकारपुढे आला. उत्तर होते 'डिस्पोजल'. हा शब्द मराठीत इतका रुजला की पुढे कित्येक वर्षे लष्करी कोट, बूट, तंबू, सगळेच 'डिस्पोजलचा माल' म्हणून विकले गेले. पुणे हे दक्षिण कमांडचे मुख्यालय, आणि खडकीला लष्कराची भांडारे व कार्यशाळा. येथील बाजाराला हा शब्द शिकवावा लागला नाही.

दिल्लीत याच युद्धातल्या हार्ले-डेव्हिडसन गाड्यांना मागे चाके आणि बाकडी जोडून चांदणी चौकात प्रवासी वाहतूक सुरू झाली. त्या वाहनांनाही लोक फटफटीच म्हणत. पन्नास-एक वर्षे ती धावली आणि १९९० च्या दशकाच्या अखेरीस प्रदूषणाच्या कारणावरून बंद झाली. त्या फटफटीला आज कोणी मूळ स्वरूपात आणायचे ठरवले तर सैनिकाची दुचाकी करायची की चांदणी चौकातली सहा आसनांची गाडी?

महायुद्धानंतरच्या मालकाची खरी अडचण गाडी मिळवण्याची नव्हती, ती चालू ठेवण्याची होती. १९४७ च्या आयात-निर्यात नियंत्रण कायद्यानंतर परकीय चलन जपून वापरण्याचे धोरण आले. बर्मिंगहॅमहून पिस्टन मागवणे ही सामान्य माणसाच्या आवाक्यातली गोष्ट राहिली नाही. मग जे मिळेल त्यावर भागवायचे. दुसऱ्या गाडीचा पिस्टन लेथवर उतरवून बसवायचा, झिजलेल्या बुशच्या जागी गनमेटलचा बुश कातून घ्यायचा, मॅग्नेटोची गुंडाळी पंख्याच्या मोटारी भरणाऱ्याकडून भरून घ्यायची. आज ज्याला 'जुगाड' म्हणून कौतुकाने किंवा हेटाळणीने हसले जाते, ते त्या काळातले धोरणाने लादलेले तंत्रज्ञान होते.

१९५० आणि ६० च्या दशकांत देशी उत्पादन सुरू झाले तरी चित्र फारसे पालटले नाही. लष्कराच्या मागणीतून मद्रासमध्ये १९५५ साली एन्फिल्ड इंडिया उभी राहिली आणि बुलेट तेथे जोडली जाऊ लागली, पुढे पूर्णपणे तेथेच बनू लागली. म्हैसूरला रुस्तम आणि फारुख इराणी यांच्या आयडियल जावा कंपनीने १९६१ पासून चेकोस्लोव्हाकियाच्या परवान्यावर जावा काढली. १९७३ च्या सुमारास तिचेच नाव येझ्दी झाले. एस्कॉर्ट्सने १९६२ मध्ये पोलंडच्या एसएचएल एम-११ या गाडीवरून राजदूत बेतली. इंग्लंड, चेकोस्लोव्हाकिया आणि पोलंड या तीन देशांचे तीन आराखडे, आणि साऱ्या देशासाठी पर्याय एवढेच. पुण्याजवळ आकुर्डीला बजाजचा कारखाना होता, पण तेथे स्कूटर बनत असे आणि तिची प्रतीक्षायादी वर्षांत मोजली जाई. मोटारसायकल ही तुलनेने खेड्याची आणि लष्कराची राहिली, स्कूटर शहरी नोकरदाराची. ही विभागणी ढोबळ आहे. पण १९७० च्या दशकातल्या पुण्यात पेठांतून चेतक आणि लुना, तर हडपसरच्या पुढे राजदूत, असे म्हटले तर फारशी चूक होणार नाही.

राजदूतचे १७३ सीसीचे टू-स्ट्रोक इंजिन विलक्षण साधे होते. व्हॉल्व्ह नाहीत, कॅमशाफ्ट नाही, पेट्रोलमध्येच तेल मिसळायचे. पाने आणि पकड यांच्या बळावर ते बांधावर उघडता येई. मांजरीसारख्या कालव्याच्या आणि नदीकाठच्या गावात ऊस, भाजी आणि दूध ही नगदी उत्पन्ने. पुण्यात सकाळच्या आत दूध पोचवायचे तर अशी गाडी हवी. म्हणून दोन्ही बाजूंना किटल्या अडकवण्यासाठी लोखंडी पट्ट्यांचे कॅरिअर वेल्ड केले गेले. मागची सीट कापून आखूड झाली. काळ्या मातीचा चिखल चाकात अडकतो म्हणून पुढचे मडगार्ड वर उचलले किंवा काढूनच टाकले. वजन पेलावे म्हणून मागच्या शॉकॉबची स्प्रिंग दुसऱ्या गाडीची घातली.

ही सगळी 'कस्टमायझेशन'च होती. फक्त त्या शब्दाचा खर्च तेव्हा परवडत नव्हता.

१९७३ च्या तेलसंकटाने आणखी एक प्रकरण जोडले. पेट्रोल महागले, डिझेल स्वस्त राहिले. पंपाला किंवा जनित्राला जोडले जाणारे छोटे डिझेल इंजिन बुलेटच्या चौकटीत बसवण्याची कल्पना कोणा एका माणसाची नव्हे, ती अनेक कार्यशाळांत स्वतंत्रपणे सुचलेली आहे. सौराष्ट्रात याच विचारातून बुलेटचा पुढचा भाग आणि डिझेल इंजिन घेऊन छकडा रिक्षा जन्मली. शेवटी एन्फिल्डने स्वतःच डिझेल बुलेट बाजारात आणली. तिचे ३२५ सीसीचे इंजिन ग्रीव्ह्ज-लोम्बार्डिनीचे होते आणि ताकद जेमतेम साडेसहा अश्वशक्ती. येथे कारखान्याने गॅरेजची नक्कल केली, असे म्हणण्यास जागा आहे.

मग १९८० च्या दशकात दारे किलकिली झाली. जपानी भागीदारीला परवानगी मिळाली आणि १९८४ ते ८६ या काळात इंड-सुझुकी, हिरो होंडा सीडी-१००, यामाहा आरएक्स-१०० आणि कावासाकी-बजाज केबी-१०० रस्त्यावर आल्या. हलक्या, कमी पेट्रोल पिणाऱ्या, एका किकेत चालू होणाऱ्या. राजदूतला आणि येझ्दीला हा आघात सोसवला नाही. आयडियल जावा १९९६ मध्ये बंद पडली. गोठ्यांतले गोणपाट साधारण याच काळात पांघरले गेले.

गोणपाट काढल्यावर काय होते, ते जरा सविस्तर पाहण्यासारखे आहे. कारण अल्प खर्चातले पुनरुज्जीवन ही एक स्वतंत्र शिस्त आहे आणि तिचे नियम श्रीमंत संग्राहकाच्या नियमांहून वेगळे आहेत.

पहिला नियम असा की किक मारायची नाही. वर्षानुवर्षे उभ्या इंजिनात पिस्टनची रिंग सिलिंडरला गंजाने चिकटलेली असते. जोर लावला तर रिंग तुटते आणि सिलिंडरवर ओरखडा उमटतो. पाचशेच्या कामाचे पाच हजार होतात. प्लग काढून त्या छिद्रातून डिझेल किंवा पातळ तेल सोडायचे, दोन-तीन दिवस थांबायचे, मग गाडी गिअरमध्ये टाकून मागचे चाक हाताने हळूहळू पुढे-मागे करायचे. संयमाला पैसे पडत नाहीत.

दुसरा भाग टाकीचा. आत गंजाचा थर असतो. त्यासाठी मूठभर नट-बोल्ट किंवा सायकलच्या साखळीचा तुकडा टाकीत घालून ती तासभर हलवण्याची जुनी रीत आहे. नंतर सौम्य आम्लाने धुऊन लगेच वाळवायची. हे न करता नवा कार्ब्युरेटर बसवला तर आठवड्यात त्याच्या जेटमध्ये तोच गंज अडकतो. येथे अनेकांचा पहिला खर्च वाया जातो.

नंतर विद्युतभाग. जुन्या जावा-येझ्दीचा डायनामो सहा व्होल्टचा. रात्री दिवा मिणमिणतो. पॉइंटमधले अंतर सुमारे ०.४ मिलिमीटर असावे लागते आणि ते पत्रीच्या मापाने जुळवण्याचे कसब आता थोड्याच हातांत उरले आहे. पुष्कळ जण बारा व्होल्टची यंत्रणा आणि इलेक्ट्रॉनिक इग्निशन घालतात. गाडी भरवशाची होते, पण 'मूळ' राहत नाही. बुलेटचा जुना मालक अॅमीटरची सुई मध्यावर आणून, डीकॉम्प्रेसरची खुंटी दाबून, मग किक मारत असे. येझ्दीची किकची दांडी पुढे वळवली की तीच गिअरची दांडी होई. असे हावभाव हाही त्या यंत्रांचा भाग आहे. सुटे भाग बदलताना ते प्रथम हरवतात.

इंजिनचे मुख्य काम लेथवाल्याकडे. सिलिंडर झिजला असेल तर तो बोअर करून पाव, अर्धा, पाऊण किंवा एक मिलिमीटर मोठा पिस्टन घालतात. म्हणजे प्रत्येक सिलिंडरला मोजकीच आयुष्ये असतात आणि आतल्या पिस्टनवरचा आकडा पाहून गाडी किती वेळा उघडली गेली हे कळते. इतिहासाच्या अभ्यासकाला याहून प्रामाणिक दस्तऐवज क्वचितच मिळेल. टू-स्ट्रोकमध्ये क्रँकचे ऑइल सील बदलणे स्वस्त आणि अत्यावश्यक. ते गळके राहिले तर बाहेरची हवा आत शिरते, मिश्रण पातळ होते आणि नवा पिस्टन तापून जाम बसतो.

या कामासाठी मांजरीच्या मुलाला लांब जावे लागत नाही. सुट्या भागांसाठी नाना पेठ आहे. बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात नशीब असेल तर पितळी नावपट्टी किंवा जुना स्पीडोमीटर मिळतो. लेथ आणि वेल्डिंग हडपसरच्या औद्योगिक पट्ट्यात. आणि मांजरीला लागून असलेल्या मुंढव्यात भारत फोर्जचा कारखाना आहे, जेथले क्रँकशाफ्ट जगभरच्या मालमोटारींत जातात. त्याच परिसरातल्या एखाद्या शेडमध्ये उस्ताद आणि त्याच्या हाताखालचा पोरगा हातोडीने, डोळ्याच्या अंदाजाने राजदूतचा क्रँक सरळ करत असतात. पुण्याच्या औद्योगिक इतिहासात पहिल्या चित्राला पाने मिळाली आहेत, दुसऱ्याला तळटीपही नाही.

पैसे सर्वांत जास्त खातो तो दिखावा. क्रोमचा मुलामा, टाकीवरच्या सोनेरी रेघा, नवी सीट. मद्रासच्या कारखान्यात बुलेटच्या टाकीवरच्या रेघा दीर्घकाळ हातानेच ओढल्या गेल्या. त्यांची बरोबरी स्टिकरने होत नाही. थोड्या पैशांत काम करणारा शहाणा माणूस येथे थांबतो. इंजिन, ब्रेक, वायरिंग आणि टायर आधी. रंग शेवटी, किंवा मुळीच नाही.

'मुळीच नाही' या पर्यायाचा विचार आपल्याकडे कमी होतो. महाराष्ट्रात देवळाचा जीर्णोद्धार म्हटला की डोळ्यांसमोर काय येते? काळ्या पाषाणावर ऑइलपेंट, गाभाऱ्यात गुळगुळीत फरशा, पुढे सिमेंटचा सभामंडप. हे भक्तीने केलेले असते, वाईट हेतूने नव्हे. पण जुन्या कारागिराच्या छिन्नीच्या खुणा त्याखाली जातात. मोटारसायकलींचेही तसेच होते. आजोबांच्या हाताने झिजलेली क्लचची मूठ, दूध-किटलीने टाकीशेजारी पडलेला पोचा, कोणा स्थानिक रंगाऱ्याने रंगवलेले देवाचे नाव, हे सारे घासून काढून वर चकचकीत लाल रंग येतो. गाडी नवी दिसते. तिचे चाळीस वर्षांचे आयुष्य मात्र पुसले जाते.

वास्तुजतनाच्या क्षेत्रात १९६४ च्या व्हेनिस सनदेने याबाबत दोन गोष्टी स्पष्ट केल्या. जेथे अंदाज सुरू होतो तेथे पुनर्स्थापना थांबली पाहिजे. आणि वास्तूत निरनिराळ्या काळांनी घातलेली योग्य भर जपली पाहिजे. ऐतिहासिक वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने त्याच धर्तीवर २०१२ मध्ये ट्युरिन सनद स्वीकारली. या दृष्टीने पाहिले तर किटल्यांचे कॅरिअर हा राजदूतवरचा डाग नाही, तो तिच्या इतिहासातला मजकूर आहे.

भारतीय कायदा या मजकुराकडे कसा पाहतो, ही खरी अडचण आहे.

जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने जुन्या वाहनांसाठी प्रथमच 'व्हिंटेज' हा स्वतंत्र वर्ग केला. पन्नास वर्षांहून जुनी दुचाकी वा चारचाकी, मूळ स्वरूपात राखलेली, आणि चौकट, सांगाडा किंवा इंजिन यांत मोठा फेरबदल न झालेली, अशी व्याख्या आहे. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षे, नूतनीकरण ५,००० रुपये, क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरे. अशी गाडी रोजच्या कामासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक अभ्यास, इंधन भरणे आणि दुरुस्ती एवढ्यांसाठीच.

ही व्याख्या कोणाला डोळ्यांसमोर ठेवून केली असावी, हे सहज कळते. संस्थानिकांच्या गाड्या, वातानुकूलित गॅरेज, पगारी मेकॅनिक. तेथे वस्तू मूळ राहते, कारण तिच्याकडून काम घेतले गेलेले नसते. टंचाईच्या काळात कष्टलेली गाडी मूळ राहूच शकत नव्हती. आयात बंद असताना तिच्यात जो परका पिस्टन बसला, तो सरकारच्याच धोरणाचा अवशेष. आणि आता त्याच अवशेषामुळे तिचे मूळपण शंकास्पद ठरू शकते. नियमाचा हेतू चांगला आहे, व्याख्या अपुरी आहे.

जी गाडी व्हिंटेज ठरत नाही तिला सामान्य वाट उरते. पंधरा वर्षांनंतर नोंदणीचे नूतनीकरण पाच-पाच वर्षांसाठी होते. मोटारसायकलचे हे शुल्क एप्रिल २०२२ मध्ये ३०० वरून १,००० रुपये झाले होते. महाराष्ट्रात पर्यावरण कर वेगळा. उशिराबद्दल दरमहा ३०० रुपये जादा, अशी तरतूद आहे. गोठ्यात दहा वर्षे पडलेल्या गाडीचा हिशेब कागदावर ३६,००० रुपयांवर जातो. भंगारवाला तिला किलोवर तोलतो. या दोन आकड्यांमधल्या दरीत बऱ्याच गाड्या संपतात.

त्यातच नोंदणीपुस्तक आजोबांच्या नावावर. मालक हयात नसेल तर वारसाला फॉर्म ३१ भरून हस्तांतर करून घ्यावे लागते आणि इतर वारसांची संमती जोडावी लागते. शेतीच्या वाटपात भाऊबंदकी झाली असेल तर एका मोटारसायकलसाठी काकांची सही मिळवणे हे क्रँक सरळ करण्याहून अवघड काम. अनुभवी मंडळी म्हणूनच सांगतात की पाना हातात घेण्याआधी कागद हातात घ्यावेत; चौकटीवरचा आणि इंजिनवरचा क्रमांक पुस्तकाशी ताडून पाहावा. इंजिन मधल्या काळात बदलले गेले असेल आणि त्याची नोंद नसेल, तर सगळा खर्च निरर्थक होऊ शकतो.

हौसेने रूप पालटणाऱ्यांसाठी मार्ग आणखी अरुंद आहे. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदलांना मनाई करते आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ती भूमिका ठामपणे उचलून धरली. चौकट कापून केलेला 'बॉबर' किंवा 'कॅफे रेसर' समाजमाध्यमांवर कितीही देखणा दिसला तरी रस्त्यावर तो बेकायदा ठरतो. कर्कश सायलेन्सर तर अनेक शहरांत पोलिसांनी जाहीरपणे रोडरोलरखाली चिरडले. त्या आवाजाबद्दल हळहळ वाटावी असे काही नाही. मात्र सीट, हँडलची मूठ, सामानाची सुटी पेटी यांसारखे उलट करता येणारे बदल आणि चौकटीवर चालवलेली करवत यांत फरक आहे, आणि थोड्या पैशांत काम करणाऱ्याने पहिल्याच बाजूला राहणे त्याच्या खिशालाही सोयीचे असते. काढलेला मूळ भाग फेकू नये. पोत्यात बांधून माळ्यावर ठेवावा.

जुलैच्या दुसऱ्या रविवारी जावा-येझ्दीप्रेमी आपापल्या शहरांत जमतात. अशा मेळाव्यांत म्हैसूरच्या कारखान्यातून कालच निघाल्यासारख्या दिसणाऱ्या गाड्यांभोवती गर्दी असते. कोपऱ्यात एखादी गंजक्या मडगार्डाची, वेल्डिंगचे जाड टाके दिसणारी गाडी उभी असते आणि तिच्याजवळ पन्नाशी-साठीतली माणसे थांबतात, टाके बोटाने चाचपतात, कोणत्या गावच्या वेल्डरचे काम ते विचारतात.

येझ्दी नाव लागलेल्या पहिल्या गाड्यांनी पन्नाशी ओलांडली आहे. १९७८ ची रोडकिंग २०२८ मध्ये ओलांडेल, आरएक्स-१०० २०३५ मध्ये. तोवर ज्यांची नोंदणी जिवंत आहे त्यांना दर पाच वर्षांनी परिवहन कार्यालयात नेऊन उभे करावे लागेल, आणि तपासणारा अधिकारी प्रत्येक वेळी तोच पहिला प्रश्न विचारील : इंजिन नंबर दाखवा.